हौस आणि नेम

दिवाळी अंकात व्यायामाविषयी लिहिणे म्हणजे पंगतीला बसलेल्या पाहुण्यापुढे वजनाचा काटा आणून ठेवण्यासारखे आहे, याची मला जाणीव आहे. हातात चकली, मांडीवर अंक आणि अंकात सूर्यनमस्कार, हा योग काही शुभ म्हणता येणार नाही. तेव्हा आधीच सांगून टाकतो की वाचकांनी चकली खाली ठेवण्याचे कारण नाही. व्यायामाचे फायदे मी सांगणार नाही. ते आता कोणाला ठाऊक नाहीत? प्रौढ माणसाने आठवड्याला निदान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितले आहे. भागाकार केला तर दिवसाला पुरती २२ मिनिटेही होत नाहीत. पोहे करून, खाऊन, बशी विसळून ठेवायला याहून जास्त वेळ लागतो. आणि तरीही आपल्यातल्या पुष्कळांच्या हातून तेवढे होत नाही. आपल्या भाषेने या अवस्थेचे निदान केव्हाच करून ठेवले आहे : कळते, पण वळत नाही.

मला लिहायचे आहे ते या ‘वळत नाही’विषयी. का वळत नाही, असे कोणालाही विचारा, उत्तर बहुधा एकच येते, “इच्छाच होत नाही हो.” आमच्या शाळेतली मुले हेच जरा नव्या शब्दात सांगतात. गृहपाठ का केला नाहीस म्हटले की नववीतला मुलगा शांतपणे म्हणतो, “सर, मोटिव्हेशनच नाही.” जणू ती नळाला येणारी वस्तू आहे आणि आज नगरपालिकेने सोडलीच नाही! मी हसतो, पण त्याच्या उत्तरात एक तत्त्व गृहीत धरलेले आहे, ते हसण्यावारी नेण्यासारखे नाही. आधी इच्छा, मग कृती. इच्छा नसेल तर कृती व्हायची नाही, आणि ओढूनताणून केलीच तर ती खरी नव्हे, असे ते तत्त्व आहे. हे मुलांनी शोधून काढलेले नाही. ती ते आपल्याकडूनच शिकली आहेत. ते कितपत खरे आहे, एवढाच माझा प्रश्न आहे.

याच दिवाळीतली नरकचतुर्दशीची पहाट घ्या. बाहेर अंधार असतो, हवेत गारवा असतो, आणि घरातल्या लहान मुलाला पांघरुणातून ओढून काढून पाटावर बसवलेले असते. त्याच्या डोळ्यांत झोप असते, अंगाला तेल चोळले जात असते, उटणे टोचत असते. त्या क्षणी त्याला कोणी विचारले, “बाळ, तुला आता आंघोळीची इच्छा आहे का?” तर तो काय सांगेल, हे प्रत्येक आईला ठाऊक आहे. म्हणूनच कोणी विचारत नाही. घर उठते म्हणून तो उठतो. मग कढत पाण्याचे दोन तांबे अंगावर पडतात, पायाखाली कारीट फुटते, बाहेर फटाका वाजतो, आणि तोच मुलगा ओल्या केसांनी अंगणाकडे धाव घेतो. हौस आली खरी, पण ती आंघोळीच्या मागून आली. आंघोळीला बोलवायला ती आली नव्हती.

घर बांधून माणूस गवंडी होतो आणि वाद्य वाजवून वादक होतो, तसाच न्यायाने वागून वागून तो न्यायी होतो, असे ॲरिस्टॉटलने आपल्या नीतिशास्त्रात मांडले आहे. या म्हणण्याला आता सुमारे २३०० वर्षे होत आली. आधी मनात न्याय भरून घ्या आणि मग न्यायाने वागा, असे तो सांगत नाही. चुलीपाशी उभे राहिल्याशिवाय स्वयंपाक येत नाही, हे आपल्या आज्यांना ॲरिस्टॉटल न वाचताही कळत होते. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला मास्तर. मोठ्या तत्त्वज्ञांपुढे उभे राहताना मला एखाद्या आजीचा आधार बरा वाटतो.

परंतु याला एक आक्षेप आहे, आणि तो आपल्या संस्कारातूनच आलेला असल्यामुळे त्याला टाळून पुढे जाता येणार नाही. भाव तेथे देव, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. मनात काही नसताना फिरवलेली जपमाळ ही नुसती मण्यांची हालचाल होय, असे आपल्याला शिकवले गेले. मग मनातून कंटाळा आलेला असताना केलेला व्यायाम म्हणजे अंगाने घातलेली जपमाळच नव्हे काय? ज्याला खरोखर आवड आहे तो पहाटे आनंदाने पळतो. आपण मात्र स्वतःला फरफटत नेतो. हे एक प्रकारचे ढोंग झाले, आणि ढोंगापेक्षा प्रामाणिक आळस काय वाईट?

एक साधे उत्तर असे की गुडघ्याला भाव कळत नाही, त्याला चालणे कळते. रक्तातली साखर मोजणारे यंत्र तुम्ही प्रसन्न मनाने चाललात की कुरकुरत, हे विचारत नाही. पण या उत्तराने शरीराची सोय झाली तरी मनाचे समाधान होत नाही. म्हणून दुसरे उदाहरण घेतो. तापाने फणफणलेल्या मुलासाठी आई रात्रीतून तीनदा उठते. तिसऱ्यांदा उठताना तिला उठण्याची हौस असते काय? तिचे डोळे मिटत असतात, पाय जड झालेले असतात. कोणी त्या क्षणी तिच्या मनात डोकावून पाहिले तर तिथे झोपेखेरीज दुसरी कोणतीही इच्छा आढळणार नाही. तरी ती उठते. तिच्या या उठण्याला आपण ढोंग म्हणत नाही, उलट प्रेमाचा पुरावा म्हणतो. याचा अर्थ असा की भाव ही त्या त्या क्षणाची लहर नव्हे. लहर उतरल्यावरही जे उरते, त्याला भाव म्हणतात. जर्मन तत्त्वज्ञ कांट याने १७८५ साली लिहिलेल्या नीतिविषयक ग्रंथात अशाच एका माणसाचे उदाहरण घेतले आहे. स्वतःच्या दुःखाने त्याचे मन इतके झाकोळले आहे की दुसऱ्याविषयी त्याला काही वाटेनासे झाले आहे. तरी तो कर्तव्य म्हणून मदत करतो. कांटच्या मते त्याच्या कृतीचे खरे नैतिक मोल इथेच दिसते. मला कांटइतके कठोर होता येत नाही. आनंदाने मदत करणाराही मला तितकाच प्रिय आहे. पण इच्छा नसताना जो पाऊल उचलतो तो कमी दर्जाचा, हे मात्र मला मुळीच मान्य नाही.

या बाबतीत आपल्याकडचा एक शब्द मला फार मोलाचा वाटतो. पतंजलीने योगसूत्रांच्या पहिल्याच पादात अभ्यास दृढ कशाने होतो हे सांगितले आहे. तिथे त्याने तीन गोष्टी घातल्या आहेत : तो दीर्घकाळ चालावा, त्यात खंड नसावा, आणि तो सत्कारपूर्वक व्हावा. आवडीने व्हावा, असे काही त्याने म्हटलेले नाही. सत्कार म्हटले आहे. आवड आणि आदर यांतला भेद इथे पाहण्यासारखा आहे. आवड आपल्या हातात नसते. कारले आवडून घे, असा हुकूम स्वतःला सोडून पाहा, म्हणजे कळेल. आदर मात्र देता येतो. घरी आलेला पाहुणा आपल्याला फारसा आवडत नसला तरी आपण त्याला पाणी देतो, बसायला सांगतो, वेळेवर जेवायला वाढतो. रोजची ती २० मिनिटे अशाच पाहुण्यासारखी आहेत. ती आवडावीत अशी सक्ती नाही. ती आली म्हणजे दार उघडावे, एवढेच.

माझा दुसरा धंदा कादंबरी लिहिण्याचा. त्या धंद्यात ‘स्फूर्ती’ नावाच्या बाईसाहेबांचा मोठा दबदबा आहे, त्यामुळे हा प्रश्न मला लेखणीच्या बाजूनेही छळत आला आहे. इंग्रज कादंबरीकार अँथनी ट्रोलप हा टपालखात्यात नोकरीला होता आणि नोकरी सांभाळून त्याने ४७ कादंबऱ्या लिहिल्या. पहाटे साडेपाचला तो टेबलाशी बसे, समोर घड्याळ ठेवी, आणि दर १५ मिनिटांना २५० शब्द लिहून होतात की नाही ते पाही. त्याच्या मृत्यूनंतर १८८३ साली त्याचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. त्यातला हा घड्याळी कारभार वाचून पुष्कळ रसिकांना त्याच्या कलेविषयीच शंका येऊ लागली. स्फूर्तीवाचून लिहिलेले ते खरे कसे, हा त्यांचा प्रश्न. म्हणजे आमच्या नववीतल्या मुलाचाच प्रश्न. पण त्याच आत्मचरित्रातली आणखी एक गोष्ट मला जास्त विचार करण्यासारखी वाटते. पहाटे उठवण्यासाठी ट्रोलपने घरातल्या एका म्हाताऱ्या मोतद्दाराला वर्षाला ५ पौंड जादा पगार ठेवला होता. तो म्हातारा कॉफी घेऊन येण्यात कधी चुकला नाही, आणि आपल्या यशाचे ऋण सर्वांत अधिक कदाचित या माणसाचेच असेल, असे ट्रोलपने मोकळ्या मनाने लिहून ठेवले आहे. एवढा नेमाचा माणूस. पण त्याने आपल्या इच्छेवर भरवसा ठेवला नाही. पहाटेच्या अंधारात आपले मन काय म्हणेल हे तो ओळखून होता, म्हणून त्याने मनाला विचारण्याची वेळच येऊ दिली नाही.

नेमाचे मर्म मला इथे दिसते. रोज सकाळी उठून ‘आज जावे का?’ अशी सभा भरवली की ठराव नेहमी एकाच बाजूने मंजूर होतो. कारण त्या सभेला झोप हजर असते, पांघरूण हजर असते, काल रात्रीचे जागरण हजर असते. दहा वर्षांनंतरचा आपला गुडघा तेवढा हजर नसतो. नेम म्हणजे ही सभाच बरखास्त करणे. काय करायचे ते आदल्या दिवशी, शुद्धीत असताना ठरलेले आहे. सकाळी फक्त चप्पल पायात घालायची.

हे घडायला किती दिवस लागतात? २१ दिवसांत कोणतीही सवय लागते, असे पुष्कळ ठिकाणी छापलेले आढळते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या संशोधकांनी ९६ माणसांवर याचा अभ्यास केला आणि तो २०१० साली प्रसिद्ध झाला. एखादी ठरावीक गोष्ट, जसे न्याहारीनंतर थोडे चालणे, रोज एकाच निमित्ताला जोडून करायची, आणि ती आपोआप घडू लागायला किती काळ लागतो ते पाहायचे, असा तो अभ्यास होता. कोणाला १८ दिवस पुरतील तर कोणाला २५४ लागतील, असा हिशेब निघाला; मधला आकडा ६६ दिवसांचा होता. पेलाभर पाणी पिण्याची सवय लवकर लागली, व्यायामाची उशिरा. त्यातला मला सर्वांत दिलासा देणारा भाग असा की मध्येच एखादा दिवस चुकल्याने फारसे काही बिघडले नाही. आपल्याकडे व्रत मोडले की सगळेच गेले, अशी एक समजूत आहे. एका सोमवारी उपवास मोडला तर पुढचे सोमवार सोडून द्यावेत, असे कोणत्याच पोथीत नसावे. तरीही व्यायामाच्या बाबतीत मात्र आपण एका चुकलेल्या सकाळीचे भांडवल करून उरलेले वर्ष झोपून काढतो.

याच लंडन शहरातली याहून जुनी एक हकीकत आहे. १९५३ साली जेरेमी मॉरिस या डॉक्टराने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी तिथल्या दुमजली बसगाड्यांवरच्या नोकरांची पाहणी प्रसिद्ध केली. ड्रायव्हर दिवसभर बसून असे. कंडक्टर तिकिटे फाडत दिवसभर जिना चढत-उतरत असे. ड्रायव्हरांपेक्षा कंडक्टरांमध्ये हृदयविकार कमी आढळला, आणि झालाच तर तो सौम्य असे. शरीरश्रम आणि हृदय यांचा संबंध दाखवणाऱ्या आरंभीच्या कामांत या पाहणीची गणना होते. मला मात्र त्यातला वेगळाच मुद्दा खुणावतो. त्या कंडक्टराला जिना चढण्याची हौस होती, असे कोणी म्हणणार नाही. त्याच्यापाशी इच्छाशक्तीही ड्रायव्हराहून अधिक असेल असे नाही. वरच्या मजल्यावर उतारू बसले होते, म्हणून तो चढला. त्याच्या दिवसाची मांडणीच अशी होती की पाय हलल्यावाचून दिवस सरत नव्हता.

मग सगळ्यांवर सक्तीच का करू नये, असे कोणी विचारील. तसेही झाले आहे. औंधचे राजे भवानराव तथा बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानातल्या शाळांतून सूर्यनमस्कार सक्तीचे केले होते. ते स्वतः रोज नमस्कार घालत, त्यामुळे त्या सक्तीला निदान नैतिक अधिकार तरी होता. पण मी गेली अनेक वर्षे कवायतीच्या तासाला मैदानाच्या कडेला उभा राहिलेला मास्तर आहे. शिट्टी वाजली की रांगेतले सगळे हात वर जातात. दहावी झाली की त्यांतले बहुतेक हात पुन्हा कधी वर जात नाहीत. कारण शिट्टी दुसऱ्याच्या तोंडात होती. नेमात आणि सक्तीत एवढाच फरक आहे. सक्तीत हुकूम बाहेरून येतो. नेमात काल रात्रीचा मी आज सकाळच्या मला सांगून ठेवतो. स्वातंत्र्य गमावले असे इथे होत नाही. ते सकाळी न वापरता आदल्या रात्री वापरले, एवढेच.

इथवर विचार ठीक चालला. पण मागच्या वर्षी आमच्याच घरात एक प्रसंग घडला, आणि या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे हे माझ्या ध्यानात आले. माझ्या थोरल्या वहिनींची साखर काठावर आली होती. डॉक्टरांनी रोज अर्धा तास चालायला सांगितले. महिना झाला तरी त्यांचे चालणे सुरू होईना. दिवाळीला आम्ही सगळे जमलो असताना माझा पुतण्या म्हणाला, “काका, आईला विल पॉवरच नाही. तिला पटतं, पण करायची इच्छाच नाही.” वहिनी करंज्या तळत होत्या. मागे न वळताच त्या म्हणाल्या, “खरं आहे हो भाऊजी. मला हौसच नाही त्याची.”

मी त्या रात्री मनाशी हिशेब केला. ही बाई २२ वर्षे पहाटे पाचला उठते. साडेपाचला पाणी येते ते भरते, तीन माणसांचे डबे करते, दूध तापवते. या २२ वर्षांत एका सकाळीही डबा चुकला नाही. इच्छाशक्तीचे आणि नेमाचे याहून मोठे प्रमाणपत्र कोणते असू शकेल? तिच्यापाशी नेमाची वाण नव्हती. स्वतःची म्हणावी अशी अर्ध्या तासाची जागा तेवढी तिच्या दिवसात कोणी ठेवली नव्हती. आणि जी जागा आपण तिला दिली नाही, तिच्या नसण्याला आपण तिच्या स्वभावाचा दोष म्हणत होतो! ज्याला आपण प्रेरणेचा अभाव म्हणतो तो पुष्कळदा वेळेचा, विसाव्याचा किंवा कोणाच्या तरी मदतीच्या हाताचा अभाव असतो. दिवसभर पाठीवर पोती वाहणाऱ्या हमालाला किंवा उसाच्या फडात वाकलेल्या बाईला व्यायामाचा उपदेश करणाऱ्याने आधी तिच्या विश्रांतीचे पाहावे. तसेच ज्याच्या मनावर खरोखरच उदासीचे दुखणे आले आहे, त्याला उपदेशाची नव्हे, डॉक्टरची गरज असते. आळशी म्हणणे फार सोपे असते. त्याला काही खर्च पडत नाही.

मग दादाशी बोलणे झाले. घरी येणारी दुधाची पिशवी बंद केली. एस. टी. स्टँडजवळच्या डेअरीवरून वहिनींनी चालत जाऊन दूध आणायचे, आणि तेवढ्या वेळात दादाने पाणी भरायचे व चहा टाकायचा, असे ठरले. पहिल्या आठवड्यात चहाची पूड कुठे आहे म्हणून विचारायला दादाचे तीन फोन डेअरीपर्यंत गेले, असे वहिनी सांगतात. पण गाडे रुळावर आले. पावसाळ्यात मी गेलो तेव्हा वहिनी छत्री घेऊन निघालेल्याच होत्या. मी विचारले, “काय वहिनी, आली का हौस?” त्या म्हणाल्या, “हौस कसली, भाऊजी! अजून उठताना कंटाळाच येतो. पण नाही गेलं तर चुकल्यासारखं वाटतं दिवसभर. आणि खरं सांगू? तेवढा वेळ मला कोणी हाक मारत नाही.”

या उत्तरात मला बरेच काही मिळाले. वहिनींना चालणे अजूनही आवडत नाही. आणि तरी ते आता त्यांचे झाले आहे. लंडनच्या कंडक्टराला जसा जिना, ट्रोलपला जसा कॉफी आणणारा म्हातारा, तशी त्यांना दुधाची पिशवी मिळाली; आणि तिच्यामागे चहा टाकणारा एक नवरा उभा राहिला. एकट्याच्या इच्छाशक्तीच्या बळावर कोणताही नेम फार काळ टिकत असेल, असे मला वाटत नाही. त्याला घराची साथ लागते. अभ्यंगस्नानाला मुलगा एकटा उठत नाही. सारे घर उठते.

आता पाडव्याचे दोन शब्द. त्या दिवशी संकल्प करायची आपली रीत आहे, आणि रोज तासभर पळण्याचे संकल्प लाडवाच्या तुपाबरोबरच जिरून जातात, हा आपला अनुभव आहे. तेव्हा संकल्प लहान करावा; इतका लहान, की तो मोडायची लाज वाटावी. तो रोज घडणाऱ्या एखाद्या कामाच्या पदराला बांधून टाकावा : दूध, देवपूजेची फुले, मुलाला शाळेत पोचवणे, काहीही चालेल. तो घरात सर्वांना सांगावा, आणि त्या वेळी आपले काम कोण करील हेही त्याच दिवशी ठरवून घ्यावे. ज्यांच्या घरात कोणी चालत नसेल त्यांनी त्याला बोलण्यापूर्वी त्याच्या सकाळचा हिशेब मांडून पाहावा, आणि जमल्यास त्यातले एखादे काम आपल्याकडे घ्यावे. पाडव्याची ओवाळणी म्हणून बायकोला रोजचा अर्धा तास देणाऱ्या नवऱ्याला सराफाकडे जावे लागणार नाही, हा त्यातला वेगळा फायदा.

आणि मनाला मात्र मध्येच विचारू नये. पाडव्यापासून ६६ दिवस मोजले तर आपण साधारण संक्रांतीच्या आसपास येऊन पोचतो. तोवर हौस आली का, याची चौकशी बंद ठेवावी. तिळगूळ वाटताना एकदा विचारून पाहावे. आली असेल तर आनंदच आहे. नसेल आली, तरी तोवर पाय चालायला लागलेले असतील, आणि त्यांना तिच्यासाठी थांबण्याचे काही कारण उरलेले नसेल.